गंज सांगून येतो

जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या माणसांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "असं काहीतरी टाक ना यार, की परत गंजायलाच नको!" ऐकायला किती बरं वाटतं. पण गेल्या वर्षभरात मला या वाक्याची चक्क भीती वाटायला लागली आहे. बॉडीच्या पत्र्याबद्दल म्हणत असाल तर ठीक. सस्पेन्शनबद्दल म्हणत असाल तर जरा थांबा. तिथे गंज हा दोन नंबरचा शत्रू. एक नंबरचा शत्रू म्हणजे न सांगता तुटणारा भाग. आणि गंज टाळायच्या नादात आपण नेमका तोच तयार करून बसू शकतो.

एका दमात निष्कर्ष सांगून टाकला. आता सविस्तर.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी आयटीतली. (आमच्या अख्ख्या बॅचची हीच कथा, त्यामुळे सहानुभूती नको. :-) ) आठवडाभर दुसऱ्याच्या कोडमधले बग शोधायचे आणि शनिवार-रविवार काकांच्या १९८७ सालच्या प्रीमियर पद्मिनीखाली आडवं व्हायचं, असा सध्या क्रम आहे. इंजिन ठणठणीत आहे, बॉडीचं काम एका पत्र्याच्या कारागिराने सुंदर केलंय. राहिलंय ते खालचं. पाटे, शॉकअप, पुढचे आर्म, बुश, पिना, नट-बोल्ट. म्हणजे ज्याचा फोटो कोणी काढत नाही ते सगळं.

गंमत म्हणजे ही गाडी जिथे जन्माला आली ते ठिकाण विक्रोळीपासून फक्त तीन स्टेशनांवर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. तिथून १९६४ मध्ये फियाट ११०० डी आली आणि १९७४ पासून तीच गाडी 'पद्मिनी' म्हणून विकली जाऊ लागली. मुंबईची काळीपिवळी म्हणून आपण जिला ओळखतो ती हीच. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरमधली, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळून फोटो टाकले. पण टॅक्सी गेली म्हणजे नुसती आठवण गेली नाही, पार्टांचं गिऱ्हाईकही गेलं. आज मी पद्मिनीचा पाट्याचा शॅकल किंवा पुढच्या आर्मची पिन मागायला जातो तेव्हा 'नवा माल' म्हणून समोर येतं ते बऱ्याचदा जुनंच असतं. वायर ब्रश मारून वर काळा रंग दिलेलं. त्यामुळे हल्ली पार्ट विकत घ्यायचे नसतात, बनवून घ्यायचे असतात. आणि एकदा बनवून घ्यायचंच म्हटलं की ते वाक्य आलंच: "आता गंजणार नाही असंच बनवू."

त्यातून आमची विक्रोळी! कन्नमवार नगरच्या पलीकडे तिवरं आणि ठाण्याची खाडी, वर कांजूर-भांडुपकडे गेलात की मिठागरं. ज्या हवेत मीठ पिकतं त्या हवेत आम्ही लोखंड उभं करून ठेवतो. हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड जोमाने गंजायला लागतं, आणि पृष्ठभागावर मिठाचा थर असेल तर त्याहीआधी, कारण मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं. परदेशातल्या रिस्टोरेशनच्या पुस्तकांत हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाची चर्चा असते. आपल्याकडे मीठ वर्षभर हवेतून फुकट घरपोच येतं, आणि पावसाळ्यात त्याच्या जोडीला चाकं बुडवणारं गटाराचं पाणी.

पण गंज सगळीकडे सारखा लागत नाही, हे विक्रोळीत वाढलेल्या माणसाला शिकवावं लागू नये. आमच्या घरात गोदरेजचं कपाट आहे. (विक्रोळीत ते नसणं हा फाऊल आहे.) वरून अजून चकाचक. गंज कुठे? पायांपाशी. कारण रोज फरशी पुसताना पाणी तिथे लागतं आणि तिथेच राहतं. गाडीचंही तसंच आहे. पाणी लागतं तिथे नाही, पाणी राहतं तिथे गाडी सडते.

पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंगा आणि मागे पाटे. पाटे म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या. दोन पट्ट्यांच्या फटीत पाणी शिरलं की ते सहजासहजी बाहेर येत नाही. वरून घासत राहतात, त्यामुळे दिलेला रंगही टिकत नाही. पुढे स्प्रिंग ज्या वाटीत बसते तिथे चिखल साचतो. रबराच्या बुशमधली पोलादी नळी आणि तिच्यातून जाणारा बोल्ट गंजून एकजीव होतात. मग तो बोल्ट काढताना जे शब्द तोंडातून निघतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

यावर मित्रांचा सल्ला ठरलेला: "सगळं स्टेनलेस कर, विषय संपला."

हा सल्ला आपल्याकडे फार वरपर्यंत पोहोचलेला आहे. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. उद्घाटनाला नऊ महिनेही झाले नव्हते. नट-बोल्ट गंजल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाने त्याआधी काही दिवस दिलेलं होतं. पुढच्याच महिन्यात नितीन गडकरी म्हणाले की समुद्राजवळच्या बांधकामात स्टेनलेस स्टील वापरलंच पाहिजे, तसं केलं असतं तर पुतळा पडला नसता. मुंबईत पंचावन्न उड्डाणपूल बांधत असतानाचा एक अनुभवही त्यांनी सांगितला: गंजणार नाहीत म्हणून कोटिंग केलेल्या सळया एकाने दिल्या आणि त्या गंजल्या. एका जागी उभ्या असलेल्या बांधकामासाठी त्यांचं म्हणणं मला पटतं. पण नंतर चौकशी समितीच्या अहवालाच्या ज्या बातम्या आल्या, त्यांत गंजाबरोबर कमकुवत सांगाडा, चुकीचं वेल्डिंग आणि देखभालीचा अभाव हेही होतं. म्हणजे गंज एकटा नव्हता. तो दिसलाही होता, त्याच्याबद्दल लिहिलंही गेलं होतं. गंजाने त्याचं काम चोख केलं, त्याने सांगितलं.

आता गाडीकडे. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असं कोरलेलं असतं ते बघितलंय कधी? पहिला आकडा म्हणजे ताण सोसायची शक्ती, साधारण ८०० मेगापास्कल. दुसरा सांगतो की त्याच्या किती हिश्शावर बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो. ८०० चे आठ दशांश म्हणजे ६४०. बाजारात सहज मिळणाऱ्या स्टेनलेस बोल्टवर असतं ए२-७०. त्याची शक्ती ७००, आणि कायमचा ताणला जायला सुरुवात ४५० ला. म्हणजे ८.८ चा बोल्ट काढून त्याच मापाचा चकचकीत स्टेनलेस टाकलात, तर बोल्ट दिसायला श्रीमंत आणि कामाला जवळजवळ तीस टक्क्यांनी गरीब. हा स्टेनलेस बोल्ट-नट घट्ट करताना एकमेकांना चिकटून बसतो तो वेगळाच मनस्ताप. शिवाय हे नेहमीचं स्टेनलेस पाणी देऊन, म्हणजे तापवून-विझवून, कडक करता येत नाही. आर्मची पिन बुशमध्ये सतत फिरते, तिचा पृष्ठभाग कडक हवा. स्टेनलेसची केली तर ती गंजणार नाही, झिजेल. आणि खाडीच्या हवेत साधं ३०४ स्टेनलेससुद्धा फटींमध्ये खड्डे पडून खराब होतं. त्यासाठी मॉलिब्डेनम असलेलं ३१६ लागतं. म्हणजे 'विषय संपला' म्हणत म्हणत विषय सुरूच.

बरं, स्टेनलेस नको तर झिंक प्लेटिंग? इथे खरी मेख आहे, आणि हा लेख लिहायचं कारणही.

जस्त हा फार सज्जन धातू आहे. तो लोखंडाच्या आधी स्वतः गंजतो आणि लोखंडाला वाचवतो. ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त स्वतःचा बळी देत राहतं. पण जस्त चढवण्याआधी पोलाद ॲसिडमध्ये बुडवून साफ करतात, मग प्लेटिंगच्या टाकीत वीज सोडतात. दोन्ही ठिकाणी हायड्रोजन तयार होतो. हायड्रोजनचा अणू सगळ्यांत लहान, तो पोलादाच्या आत शिरतो. साध्या मऊ पोलादाला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण स्प्रिंगसारख्या कडक पोलादात तो ताण असलेल्या जागी गोळा होतो आणि पोलाद ठिसूळ करतो. भाग दिसायला सुंदर. माप बरोबर. गाडीला लावला, घट्ट केला. आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी तो तुटतो. गंजाचा एक ठिपका नसताना.

हे पुस्तकी नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडला जोडणाऱ्या बे ब्रिजचा पूर्वेकडचा भाग नव्याने बांधत होते. मार्च २०१३ मध्ये तिथले जस्त चढवलेले, मनगटापेक्षा जाड, उच्च क्षमतेचे ९६ रॉड ताणून घट्ट केले. थोड्याच दिवसांत त्यातले ३२ तुटले. कारण निघालं हायड्रोजनमुळे आलेला ठिसूळपणा. पूल सुरू होण्याआधी दुसरी सोय करावी लागली. इतकी यंत्रणा, इतके इंजिनियर, आणि तिथे हे होतं. मग कुर्ल्याच्या गल्लीत बादलीत बोल्ट घेऊन गेलेल्या माझ्यासारख्याचं काय?

यावर उपाय आहे, आणि तो अवघड नाही. प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत भाग भट्टीत ठेवायचा, साधारण १९० ते २२० अंशांवर, कित्येक तास. हायड्रोजन बराचसा बाहेर पडतो किंवा निरुपद्रवी होतो. मी एका प्लेटिंगवाल्याला विचारलं, "बेकिंग करता का?" तो म्हणाला, "साहेब, प्लेटिंग आहे, बेकरी नाही." मी हसलो आणि बोल्ट परत घेऊन आलो. दुसऱ्याकडे भट्टी होती. त्याने उलट मलाच विचारलं, "कुठल्या ग्रेडचे आहेत?" काम त्याला दिलं. माझ्या मते कारागीर ओळखायची यापेक्षा चांगली परीक्षा नाही. तो किती मायक्रॉन जस्त चढवतो हे नंतर, आधी तो तुम्हाला काय विचारतो ते बघा.

आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर गंज म्हणजे वॉर्निंग लॉग आहे. पिवळ्या अक्षरांत रोज येतो, आपण रोज दुर्लक्ष करतो. ठिसूळ झालेला बोल्ट म्हणजे एकही लॉग न टाकता रात्री तीन वाजता झोपणारा सर्व्हर. आणि लॉग फार येतात म्हणून लॉगिंगच बंद करणारा माणूस आपल्या प्रत्येकाच्या टीममध्ये असतो. :-) फरक इतकाच, की इथे सर्व्हरच्या जागी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ऐंशीने चाललेली गाडी आहे. तिच्यात काका-काकू बसलेत आणि मागे सीटबेल्ट नाहीत.

मग करायचं काय? मी जे ठरवलं ते सांगतो. प्रत्येक भागाला त्याच्या स्वभावाप्रमाणे औषध.

पाटे आणि कॉइल स्प्रिंगा: ना प्लेटिंग, ना गरम जस्तात बुडवणं. जस्ताची ती टाकी साधारण ४५० अंशांवर असते. त्याआधीचं ॲसिड आणि मग ती उष्णता, दोन्ही स्प्रिंगच्या मुळावर येणारं. स्प्रिंगमध्ये सगळ्यांत जास्त ताण पृष्ठभागावर असतो, म्हणून गंजाचा एक खोल खड्डाही तडा सुरू करायला पुरतो. खड्डा दिसला की ती पट्टी भंगारात, मग कितीही जीव अडकलेला असो. चांगल्या पट्ट्या सुट्या करून साफ करायच्या, शॉट पीनिंग करून घ्यायचं (बारीक छर्ऱ्यांच्या माऱ्याने पृष्ठभाग दाबला जातो, तडा सुरू व्हायला कठीण जातं), मग जस्त असलेला प्रायमर ब्रशने, आणि जोडताना मधे ग्राफाइट ग्रीस.

आर्म आणि ब्रॅकेट: हे मऊ पोलादाचे. इपॉक्सी प्रायमर आणि वर चासीचा रंग. पावडर कोटिंग दिसतं छान, पण एकदा टवका उडाला की पाणी त्याच्याखाली शिरतं आणि वरून काही कळत नाही. परत तेच, न सांगणारं दुखणं. रंग उडाला तर निदान दिसतो. आणि वाटीच्या तळाचं पाणी जायचं भोक मोकळं ठेवायचं. पैसे शून्य, फायदा सगळ्यांत जास्त.

बोल्ट: ८.८ ला झिंक प्लेटिंग बिनधास्त. १०.९ असेल तर बेकिंगची खात्री करूनच. १२.९ ला प्लेटिंगच्या टाकीजवळ नेऊसुद्धा नका. कडक बोल्टांसाठी जस्ताच्या पापुद्र्यांचं कोटिंग मिळतं. त्यात वीज लागत नाही, त्यामुळे कोटिंग करताना हायड्रोजन शिरत नाही.

पिना आणि बुश: मूळ पद्धतच उत्तम. कडक केलेलं, ग्राइंड केलेलं पोलाद आणि ग्रीस. ग्रीसगन मारली की जुन्या ग्रीसबरोबर पाणी आणि माती बाहेर ढकलली जाते. ग्रीस निप्पल हा जगातला सगळ्यांत स्वस्त गंजविरोधी उपाय आहे. फक्त त्यासाठी माणसाला खाली वाकावं लागतं.

आणि शेवटचं, कागद. जो भाग बनवाल त्याचं ड्रॉइंग ठेवा. त्यावर माप, पोलादाचा ग्रेड, कडकपणा आणि वरचं कोटिंग लिहा. उद्या ही गाडी दुसऱ्या कोणाकडे गेली तर त्याला कळायला हवं की हा बोल्ट कोणता आणि का. ज्या कोडला डॉक्युमेंटेशन नाही त्याला आपण किती शिव्या देतो!

आता कट्टर ओरिजिनलवाल्यांचा आक्षेप. "कारखान्यातून आली तशीच हवी. हे शॉट पीनिंग, हे इपॉक्सी तेव्हा होतं का?" मला त्यांच्याबद्दल आदर आहे, कारण त्यांच्यामुळेच जुन्या गाड्या अलॉय व्हील आणि निळ्या लाइटांपासून वाचल्या. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी नियम काढले. पन्नास वर्षांवरची बिगर-व्यावसायिक गाडी, मूळ रूपातली, चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार न केलेली. काकांची गाडी २०३७ मध्ये पन्नाशीला येईल आणि तेव्हा ती त्या व्याख्येत बसावी अशी माझीही इच्छा आहे. म्हणूनच आकार, माप, पोलादाची जात मी बदलत नाही. पण मूळ रूप म्हणजे मूळ निष्काळजीपणा नव्हे. कारखान्याने ती गाडी पन्नास वर्षं टिकावी म्हणून बनवलीच नव्हती. आपल्याला ती टिकवायची आहे, तर न दिसणाऱ्या जागी जास्त काळजी घेणं ही भेसळ नाही.

आमच्या मेकॅनिक चाचांचा आक्षेप याच्या उलट. "इतनी साल चली ना? और चलेगी." त्यांच्या हाताबद्दल माझी तक्रार नाही. पण ती गाडी इतकी वर्षं चालली, कारण चाचा दर पावसाळ्यानंतर तिच्याखाली जात होते. गाडी लोखंडावर नाही, त्यांच्या नजरेवर चालली. आपण हल्ली ती नजर काढून टाकायला बघतो आणि तिच्या जागी एक चकचकीत धातू ठेवायला. मला वाटतं, सगळी गोम इथे आहे. न गंजणारा भाग आपल्याला हवा असतो तो सुरक्षिततेसाठी कमी आणि परत कधी बघायला लागू नये म्हणून जास्त. सस्पेन्शनपुरतं तरी मी उलट मागतो: हळू गंजणारा, दिसेल असा गंजणारा, आणि सहज खोलता येणारा भाग.

दसरा नेमका पाऊस संपता संपता येतो, आणि त्या दिवशी आपण सगळेच गाडीला हार घालतो. यंदा हार घालायच्या आधी गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा आणि टॉर्च घेऊन दहा मिनिटं खाली बघा. नवी असली तरी. काय सांगायचं असेल ते लोखंड सांगेल.